कात्री, खळ आणि कौतुक

दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत पुण्याची बोहरी आळी किंवा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचा अब्दुल रहमान स्ट्रीट बघावा. घोटीव कागदाचे ताव, टिंटेड, क्रेप, वेलव्हेट, मार्बल पेपर, चकाकणाऱ्या ग्लिटरच्या फोमशीट, क्विलिंगच्या पट्ट्यांची पाकिटं, मोती, कुंदन, लेस, ग्लू गन. घरी बसून हातानं काही करू पाहणाऱ्यासाठी इतकं सामान बाजारात पूर्वी कधीच नव्हतं. शिकवणाऱ्यांचीही कमतरता नाही. मोबाइल उघडला की कंदील, तोरण, मखर, भेटकार्ड, रुखवत, काय हवं ते पाच मिनिटांत करून दाखवणारं कोणीतरी भेटतं.

आणि तरीही घरोघरी होणारं काम पाहिलं तर ते दिवसेंदिवस एकसारखं होत चाललं आहे. सोलापूरच्या घरातलं गौरीपुढचं तोरण आणि ठाण्याच्या घरातलं तोरण ओळखू येत नाही इतकं सारखं असतं, कारण दोन्हींचे सुटे भाग एकाच पाकिटातून आलेले असतात. कापणं आणि दुमडणं मागे पडलं, चिकटवणं तेवढं उरलं. याचं खापर मी बाजारावर किंवा मोबाइलवर फोडणार नाही. आपण या कामाचं कौतुक भरपूर करतो, परीक्षण मात्र कधीच करत नाही, हे त्याचं खरं कारण आहे. बायकांनी आणि मुलांनी फावल्या वेळात करायचं काम म्हणून त्याला 'किती छान' म्हणून मोकळं व्हायचं, अशी आपली जुनी सवय. चित्राची, गाण्याची, नाटकाची समीक्षा होते. कंदिलाची कोण करणार? पण ज्या कामात चूक दाखवली जात नाही, त्यात सुधारणा तरी कुठून होणार?

आकाशकंदिलाकडे आधी वळते, कारण आपल्याकडच्या कागदकामात अजून सगळ्यात जिवंत तोच आहे. सर्वांत साधा पारंपरिक कंदील घ्या. सारख्या लांबीच्या २४ कामट्या. चार-चार कामट्यांचे चार चौकोन बांधायचे, ते कोनावर उभे करून शेजारच्या चौकोनाच्या कोनाला कोन बांधत रिंगण पुरं करायचं. वर चार आणि खाली चार टोकं मोकळी राहतात. उरलेल्या आठ कामट्यांनी ती जोडली की वर एक चौकोन, खाली एक चौकोन तयार होतो आणि मधल्या जागांत आपोआप आठ त्रिकोण पडतात. २० सेंटिमीटरची कामटी घेतली तर कंदील साधारण २८ सेंटिमीटर उंच आणि एका बाजूच्या कोनापासून समोरच्या कोनापर्यंत ४० सेंटिमीटर भरतो. या टप्प्यावर सांगाडा हातात धरून बघा. तो डुलतो, जरा दाबला की पिळतो, कितीही घट्ट दोरा बांधा. मग बाजूंच्या चौकोनांवर आणि त्रिकोणांवर कागद ताणून चिकटवला की तोच सांगाडा ताठ उभा राहतो. कंदिलातला कागद नुसता शोभेला नसतो, तो सांगाड्याला धरून ठेवतो. हे ज्याच्या हाताला एकदा कळलं, त्याला कागद म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

चिकटवायला कणकेची नाही तर मैद्याची खळ. किडीनं खाऊ नये म्हणून जुनी माणसं तिच्यात मोरचूद घालत. ते विषारी असतं, मुलांच्या हाती द्यायचं नाही. पण खळीचा मोठा गुण असा की ती लगेच धरत नाही. कागद सरकवता येतो, सुरकुती बोटानं कडेला नेता येते, आणि वाळताना ओला कागद आक्रसून ताणला जातो. ग्लू गनचा गोंद क्षणात धरतो. घाईच्या माणसाला तो सोयीचा, पण कंदिलात त्याचे ओघळ आणि गाठी राहतात. दिवसा त्या दिसत नाहीत, दिवा लागला की प्रत्येक गाठ काळी उमटते. कंदील हा मुळात उजेडात पाहायचा पदार्थ, त्याची परीक्षा दिवा लावूनच करायला हवी. हाऊसिंग सोसायट्यांच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते तेव्हा कंदील दुपारी टेबलावर मांडून ठेवलेले असतात, आणि बक्षीस बहुधा सगळ्यात मोठ्या किंवा सगळ्यात चकाकणाऱ्या कंदिलाला द्यावं अशी आयोजकांची अपेक्षा असते.

एलईडीनं या कलेला मोठी संधी दिली आणि ती बहुतेकांनी वाया घालवली. पूर्वी आत साठ वॅटचा बल्ब असे. त्याच्या उष्णतेनं जवळचा कागद पिवळा पडे, म्हणून कागद दिव्यापासून लांब ठेवावा लागे आणि कंदिलाच्या आकारावर मर्यादा येई. एलईडी त्या मानानं बरीच गार. कागद जवळ आणता येतो, एकावर एक थर देता येतात, आतल्या थरावर कातरकाम करून त्याची सावली बाहेरच्या कागदावर पाडता येते. असं काम क्वचितच कोणी करतं. बहुतेक जण पांढऱ्याफटक एलईडीची माळ आत कोंबतात आणि कागदाचा रंग मारून टाकतात. पिवळसर उजेडाचा दिवा आणि त्याच्याभोवती बटर पेपरची एक साधी नळी, एवढ्यानं फरक पडतो.

माहीमची कंदील गल्ली विकतच्या कंदिलांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या कारागिरांचं काम उत्तम असतं आणि ते विकत घेण्यात कमीपणा काहीच नाही. घरी करणाऱ्यानं तिथे जाऊन करंज्या कशा बसवल्या आहेत, झिरमिळ्या किती लांब सोडल्या आहेत, हे निरखून पाहावं. गोव्यात आकाशकंदिलाच्या स्पर्धा मोठ्या चुरशीनं होतात, आणि तिथली नाताळची परंपरा कंदिलाची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. बांबूच्या कामट्यांवर पतंगाचा कागद ताणून केलेले तारे. तिथे प्लॅस्टिकचे तयार तारेही आले, पण हातानं तारा बांधणारी घरं अजून आहेत. दोन सणांना एकच कौशल्य पुरतं, म्हणून ते टिकून राहायला मदत होत असावी.

मखराची गोष्ट वेगळी. तिथे बदल कायद्यानं आणला. राज्यात २०१८ मध्ये प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली, पुढे १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या बंदीत सजावटीच्या थर्माकोलचा स्पष्ट उल्लेख आहे. थर्माकोल वाईट होता हे खरं, पण त्यानं एक पिढी कोरायला शिकवली हेही खरं. तापलेल्या तारेनं कमानी, खांब, महिरप कापणारे हात गल्लोगल्ली होते. बंदीनंतर त्या हातांना पुठ्ठ्याकडे वळवायला हवं होतं. कलादिग्दर्शक नानासाहेब शेंडकर यांनी 'उत्सवी'च्या घडीच्या पुठ्ठ्याच्या मखरांतून तो रस्ता दाखवला. पुठ्ठा दुमडून, खाचेत खाच अडकवून, गोंदाशिवाय भक्कम उभं राहणारं मखर. त्यात पुठ्ठ्याची ताकद नेमकी कुठे असते याचं भान आहे. पण घरोघरी झालं ते निराळंच. थर्माकोलच्या जागी फोमशीट आणि सनबोर्ड आले. तेही प्लॅस्टिकच. वर 'इको-फ्रेंडली' असं लिहिलेली मखरं हात लावून पाहिली की फोमची निघतात. नियम पाळल्याचं समाधान तेवढं मिळतं, ना पर्यावरणाचं भलं होतं ना कलेचं.

खोक्यांचा पन्हळी पुठ्ठा आज प्रत्येक घरात ऑनलाइन खरेदीबरोबर फुकट येतो. त्याच्या पन्हळीच्या दिशेनं तो सहज वळतो, आडवा वळवायला गेलं की मोडतो. खांब करायचा तर पन्हळ उभी, कमान करायची तर वळणाच्या आडवी. एवढं एक सूत्र सांगणारा व्हिडिओ मला शोधूनही सापडत नाही, रंग कसा मारायचा हे सांगणारे मात्र शेकडो आहेत.

रुखवताची अवस्था सगळ्यात वाईट. मुलीच्या हाताची परीक्षा म्हणून ते मांडलं जाई आणि सासरची माणसं त्यावरून तिला जोखत, तो भाग गेला ते फार बरं झालं. पण त्याच्याबरोबर आई, मावश्या, काकू, मैत्रिणी महिनोन्‌महिने बसून जे करत, तेही गेलं. आता रुखवत तयार मिळतं, भाड्यानंही मिळतं. छोटी चूल, छोटं तुळशीवृंदावन, सप्तपदीची सात पावलं, सगळ्या लग्नांत तेच टेबल. ज्या वस्तूनं एका विशिष्ट मुलीची आठवण धरून ठेवायची, ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कार्यालयात जाते. याच्या उलट एका लग्नात पाहिलेलं काम सांगते. मुलीच्या आत्यानं तिच्या लहानपणीच्या वाड्याची पुठ्ठ्याची प्रतिकृती केली होती. जिन्याखाली सायकल, गॅलरीच्या कठड्यावर कागदाच्या तुकड्यातुकड्यांची वाळत घातलेली गोधडी, आणि जिन्याची तिसरी पायरी मुद्दाम एका बाजूनं मोडलेली, कारण खऱ्या वाड्यात ती तशीच होती. छपराचे सांधे नीट जुळले नव्हते, भिंतींचा पुठ्ठा जाड होता आणि कोपऱ्यात घडी फुटली होती. दोष होते. तरी नवरीला त्या पायरीजवळून हलवत नव्हतं. आठवणवस्तू म्हणतात ती हीच.

भेटकार्डांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. क्विलिंगची लाट आली, कानातल्यांपासून घड्याळापर्यंत सगळं पट्ट्या गुंडाळून झालं, आणि पाकळी, थेंब, गुंडाळी या तीन-चार आकारांपलीकडे फारसं कोणी गेलं नाही.

ओरिगामी मात्र ताठ मानेनं उभी आहे. एक चौरस कागद, कात्री नाही, गोंद नाही, चूक झाकायला मोती नाही. पुण्यात 'ओरिगामी मित्र' या गटाची 'वंडरफोल्ड' प्रदर्शनं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना माहीत आहे की तिथे वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या व्यवसायांतली माणसं एकाच कसोटीवर काम मांडतात. ही शिस्त आली कुठून? जपानचे अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी घड्या कागदावर नोंदवण्याची पद्धत बसवली. कुठे दरी, कुठे डोंगर, बाण कुठल्या दिशेला, हे रेषांनी लिहिता येऊ लागलं आणि भाषा न कळणाऱ्या माणसालाही घडी वाचता आली. लिहिता आलं म्हणून तपासता आलं, तपासता आलं म्हणून पुढे नेता आलं. आपल्या कंदिलाच्या करंजीची, पताकांच्या कातरकामाची, हलव्याच्या दागिन्यांखालच्या पुठ्ठ्याच्या साच्यांची अशी नोंद सहज हाती लागेल अशा रूपात कुठे आहे? आजीच्या हातात होतं, ते आजीबरोबर गेलं. व्हिडिओत हात दिसतात, माप दिसत नाही.

हे काम मराठीत होऊ शकतं याचा दाखला अरविंद गुप्ता यांनी दिलाच आहे. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत आणि आपल्या पुस्तकांतून त्यांनी टाकाऊ वस्तूंची आणि कागदाची खेळणी इतक्या साध्या रेखाटनांनी समजावली की आठ वर्षांचं मूल एकट्यानं करू शकतं. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली ती विज्ञानशिक्षणासाठी. घरगुती सजावट करणाऱ्यांनी त्या रेखाटनांकडे स्वतःच्या कलेचं पाठ्यपुस्तक म्हणून पाहायला हवं.

कागदाबद्दलही आपण फार थोडं जाणतो. फोटोकॉपीचा कागद ७०–७५ जीएसएमचा, कार्डशीट २००च्या पुढची, पतंगाचा कागद फोटोकॉपीच्या निम्म्याहूनही हलका. यंत्रावर झालेल्या कागदाला एक दिशा असते, त्या दिशेनं घडी स्वच्छ बसते, आडवी घातली की चिरते. आपल्या भेटकार्डांच्या मधल्या घडीवर जो पांढरा चरा दिसतो तो बहुतेक वेळा यामुळेच. पुण्यात १९४० पासून हातकागद संस्था आहे, सुती चिंध्यांपासून तिथे कागद होतो. आठवण म्हणून जपायची वस्तू असेल तर तो कागद वापरावा. चकाकी नसेल, पण वर्षानुवर्षं टिकेल. आपण करतो नेमकं उलट. जपायच्या वस्तूला स्वस्त चकचकीत कागद, आणि चार दिवसांच्या सजावटीला कधीही न कुजणारा फोम.

शाळांतला कार्यानुभवाचा तास हे सगळं शिकवायची हक्काची जागा होती. अनेक ठिकाणी तो तास गणिताला किंवा विज्ञानाला दिला जातो आणि प्रकल्पाची वही आई-वडील रात्री जागून पुरी करतात. त्या वहीत मुलाच्या हाताची तिरकी घडी असती तर शिक्षकाला काहीतरी शिकवता आलं असतं.

म्हणून या दिवाळीला सोसायट्यांच्या, मंडळांच्या, शाळांच्या आयोजकांकडे माझी एक मागणी आहे. कंदील स्पर्धेच्या पत्रकात चार ओळी वाढवा. सांगाडा स्पर्धकानं स्वतः बांधलेला असावा. तयार सुटे भाग चालणार नाहीत. परीक्षण अंधार पडल्यावर, दिवा लावून होईल. आणि परीक्षक प्रत्येक स्पर्धकाला त्याच्या कामातला किमान एक दोष समोरासमोर सांगतील. पहिल्या वर्षी नावं कमी येतील. तरीही नियम बदलू नका.