‘अकेडिया’ म्हणजे आळस नव्हे

ख्रिस्ती धर्मांतील सात महापातकांची यादी देतांना त्यांतील एकाचें भाषांतर ‘आळस’ असें करण्याची चाल पडली आहे. आजच्या इंग्रजी यादीस तें जुळतें. परंतु ज्या प्राचीन ग्रंथांतून ती यादी उतरली, त्यांस जुळत नाहीं, असें आमचें मत आहे.

मूळ ग्रीक शब्द ‘अकेडिया’. व्युत्पत्त्यर्थ ‘आस्था नसणें’. इजिप्तच्या वाळवंटांत तप करून इ. स. ३९९ मध्यें वारलेल्या एव्हाग्रिअसनें साधकाचे जे आठ विकार सांगितले, त्यांत हा एक. यास तो मध्यान्हींचें पिशाच्च म्हणतो. सूर्य जागचा हालत नाहींसा वाटतो, कुटी नकोशी होते, सोबत्यांतील प्रेम आटलेलें दिसतें, सोडलेलें घर आठवूं लागतें. हें वर्णन झोपाळू मनुष्याचें नव्हे. ज्या व्रतासाठीं सर्वस्व टाकलें तेंच व्यर्थ वाटूं लागलेल्या मनुष्याचें आहे.

इ. स. ५५३ च्या धर्मपरिषदेनंतर एव्हाग्रिअसचें नांव निषिद्ध ठरलें. त्याचे कांहीं ग्रंथ सिरियाक भाषांतरांत, तर कांहीं नायलस या दुसऱ्याच साधूच्या नांवावर टिकले. पोथ्या जमविणारांस असा प्रकार नवा नाहीं. पश्चिमेकडे हा विचार मुख्यतः कॅसिअनच्या लॅटिन ग्रंथांनीं पोहोंचविला. त्यानें ग्रीक शब्द तसाच ठेवून ‘खेद’ हा विकार त्याहून निराळा मानिला.

कॅसिअन या विकारावर अंगमेहनतीचा उपाय सांगतो, तेव्हां ‘आळस’ हाच अर्थ योग्य, असा आक्षेप कोणी घेईल. पण औषध कष्टाचें म्हणून रोग आळसाचा ठरत नाहीं. त्यानेंच सांगितलेला पॉल नांवाचा तपस्वी वर्षभर केलेलें काम वर्षअखेर जाळून टाकी. बाजार दूर होता. ती मेहनत मालासाठीं नव्हती, मन स्थिर राहावें म्हणून होती.

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीनें अहंकारास मूळ मानून त्याखालीं सात पातकें लाविलीं. तींत ‘खेद’ राहिला, ‘अकेडिया’ गळाला. निराशा व जडता ह्या दोन्ही खेदाच्याच संतती ठरल्या. पुढें ‘अकेडिया’नें ती जागा परत घेतली. तेराव्या शतकांत थॉमस अक्वायनसनें त्याचा अर्थ आत्मिक श्रेयाविषयींचा खेद असा केला. म्हणजे तोंवर शब्दांतील वेदना जिवंत होती. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या चॉसरच्या गद्य प्रवचनांतही या एकाच पातकाखालीं आळस आणि ‘वॉनहोप’, म्हणजे आशेचा अभाव, दोन्ही नांदतात. पुढें ‘स्लॉथ’ रूढ झाला, ‘वॉनहोप’ प्रचारांतून गेला, आणि रोग्याच्या जागीं अपराधी उभा राहिला.

मराठींत कोणता शब्द घ्यावा? ‘निर्वेद’ वैराग्याकडे नेतो. येथें तर वैराग्यच डळमळलें आहे. योगसूत्रांतील नऊ अंतरायांत ‘स्त्यान’ व ‘आलस्य’ हीं पृथक् आहेत, आणि चित्ताची अकर्मण्यता हा ‘स्त्याना’चा अर्थ अधिक जवळचा, तथापि त्यांत खेदाची धार नाहीं. म्हणून मूळ शब्दच ठेवावा, आणि समोरची पोथी ज्या शतकाची असेल त्या शतकाचा अर्थ तेथें द्यावा. उत्तरकालीन यादीवरून पूर्वकालीन साधकास आळशी ठरविणें, हा त्या पोथीवर अन्याय आहे आणि त्या साधकावरही.