‘भासमान’ हा शब्द गाळू नका

अवटू म्हणजे थायरॉइड ग्रंथीतील गाठ साधी की कर्करोगाची, हे सुई न टोचता एमआरआयने कळते, अशी विधाने विज्ञानविषयक लेखनात अधूनमधून आढळतात. त्यामागील कल्पना सुंदर आहे. विधान मात्र घाईचे आहे.

शाईचा थेंब पाण्यात पसरतो, हे आपण वर्गात दाखवतो. पाण्याचे रेणूही असेच भटकत असतात. शरीराच्या तापमानाला मोकळ्या पाण्याचा विसरण गुणांक सेकंदाला सुमारे ०.००३ चौरस मिलिमीटर असतो. म्हणजे ५० मिलिसेकंदांत रेणू एका दिशेत साधारण १७ मायक्रोमीटर सरकतो. पेशींचा आकारही याच पल्ल्यातला. म्हणून पेशींची दाटी झाली की रेणूंची वाट अडते आणि गुणांक घटतो. हे भटकणे चुंबकीय अनुस्पंदनाने मोजण्याची आजची रीत स्टेस्कल आणि टॅनर यांनी १९६५ मध्ये दिली. १९८६ मध्ये ल बिआं व सहकाऱ्यांनी ती मेंदूच्या प्रतिमांसाठी वापरली. केशवाहिन्यांतील रक्तप्रवाहही या मापात मिसळतो, म्हणून त्याला ‘भासमान’ विसरण गुणांक म्हणतात. लोकप्रिय लेखांत नेमका हाच शब्द गळतो.

अवटूच्या कर्करोगात हा गुणांक सरासरीने कमी आणि कोलॉइडने भरलेल्या साध्या गाठीत जास्त आढळतो, हे खरे. पण साध्या गाठीत रक्तस्राव किंवा तंतुमय ऊतक असले, तर तेथेही तो घटतो. शेजारच्या श्वासनलिकेतील हवेमुळे प्रतिमा विकृत होते. रुग्ण आवंढा गिळतो. यंत्राची मांडणी बदलली की आकडाही बदलतो. त्यामुळे वेगवेगळ्या अभ्यासांनी ठरवलेल्या सीमारेषा एकमेकींशी जुळत नाहीत.

दुसरा आक्षेप नमुन्याविषयी आहे. शस्त्रक्रियेसाठी निवडलेल्या रुग्णांत कर्करोगाचे प्रमाण मुळातच अधिक असते. त्यांच्यावर यशस्वी ठरलेली चाचणी सर्वांना लावली तर काय होईल? समजा, १,००० गाठींपैकी ५० कर्करोगाच्या आहेत आणि चाचणी दोन्ही प्रकारांत शंभरात ९० वेळा अचूक ठरते. ४५ कर्करोग सापडतील, ५ निसटतील. पण ९५ साध्या गाठींवरही कर्करोगाचा शिक्का बसेल. म्हणजे शिक्का बसलेल्या १४० गाठींत खरा कर्करोग एक तृतीयांशाहूनही कमी! उरलेल्यांपैकी काहींच्या गळ्यावर विनाकारण शस्त्र चालेल, आणि ग्रंथी पूर्ण काढली तर जन्मभर गोळी घ्यावी लागेल.

म्हणूनच सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सुईने पेशी काढून केलेली तपासणी, हाच निदानाचा मुख्य मार्ग आजही आहे. गाठ आसपास कितपत पसरली, हे पाहण्यास एमआरआयचा उपयोग होतो. विसरणाचे मापन त्याला पूरक ठरेल; निकाल देण्याइतके ते अजून पक्के नाही.

शाईचा प्रयोग थंड व गरम पाण्यात करून विद्यार्थ्यांना वेग मोजायला सांगा. तोच पदार्थ, तरी आकडे निराळे येतील. मग कोणत्याही आकड्याला तो कसा मोजला आणि कोणावर मोजला, हे दोन प्रश्न विचारायला ते आपोआप शिकतील.