कृष्णविवराला कथेत काम हवे

१९७४ साली जयंत नारळीकरांनी विश्वातल्या विवरांविषयी दोन वेगळ्या ठिकाणी लिहिले. ‘नेचर’ या विज्ञानसाप्ताहिकात अप्पाराव आणि नरेश दधिच यांच्यासह त्यांचा श्वेतविवरांवरचा शोधनिबंध आला. त्याच वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा दाखल झाली. तिच्यावर नाव होते नारायण विनायक जगताप. आपली आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे टोपणनाव बेतले होते आणि अक्षरावरून कुणी ओळखू नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून उतरवून घेतली होती. कथेला पहिले बक्षीस मिळाले.

मराठी विज्ञानकथेत कृष्णविवर आले ते असे, त्या विषयात काम करणाऱ्याच्याच हातून. अशी सुरुवात फार थोड्या भाषांच्या वाट्याला येते. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. पन्नास वर्षांच्या या वारशाचे आपण काय केले, हे आता विचारायला हवे.

त्यासाठी माझी कसोटी साधी आहे. कथेतले कृष्णविवर काढून तिथे पडका वाडा ठेवावा. आत गेलेला माणूस परत येत नाही, बाहेरच्यांचा थरकाप होतो, आणि कथा पहिल्यासारखीच चालते? मग कृष्णविवर तिथे फक्त भीती घालायला होते. दिवाळी अंकांतल्या पुष्कळ अंतराळकथा या कसोटीवर घसरतात. त्यांच्यातले विवर राक्षसासारखे गिळते किंवा जादूच्या दारासारखे उघडते. प्रत्यक्षात त्याला गिळण्याची हाव नसते. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आले, तर पृथ्वी काळोखात गोठेल, पण कक्षा सोडणार नाही.

कृष्णविवरापाशी खरे नाट्य असते ते काळाचे, आणि त्याची सुरुवात आपल्या पायाखालीच होते. डहाणूच्या किनाऱ्यावर एक आणि साधारण साडेचारशे मीटर उंचीवरच्या जव्हारमध्ये एक, अशी दोन अतिअचूक आण्विक घड्याळे ठेवली, तर वर्षभरात जव्हारचे घड्याळ सुमारे दीड मायक्रोसेकंद पुढे जाईल. गुरुत्वाकर्षण जिथे खोल, तिथे काळ संथ. मोबाइलला वाट दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांवरची घड्याळे तर वेग आणि उंची यांच्या एकत्रित परिणामाने दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात आणि तो फरक सतत भरून काढावा लागतो.

हाच फरक कृष्णविवराजवळ आयुष्ये उलटीपालटी करण्याइतका वाढतो, पण त्यालाही हिशेब आहे. न फिरणाऱ्या कृष्णविवराभोवतीच्या सर्वांत जवळच्या स्थिर कक्षेत दहा वर्षे काढली, तर बाहेर जेमतेम चौदा वर्षे उलटतात. प्रवासी परत येतो तेव्हा मुलगी शाळेतून कॉलेजात गेलेली असते, म्हातारी झालेली नसते. २०१४ च्या ‘इंटरस्टेलर’ चित्रपटात एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे आहेत. त्यासाठी चित्रपटाचे सल्लागार, भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांना जवळजवळ कमाल गतीने स्वतःभोवती फिरणारे कृष्णविवर कल्पावे लागले. आकाराचेही तसेच. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्या तीन किलोमीटर. त्याच्या जवळ जाणारा माणूस घटनाक्षितिज, म्हणजे जिथून परत फिरता येत नाही ती सीमा, गाठण्याआधीच ताणला जाऊन तुटेल. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातले कृष्णविवर मात्र चाळीस लाख सूर्यांहून जड आहे. त्याचे क्षितिज ओलांडताना शरीराला काही जाणवणारही नाही. म्हणजे कोणते कृष्णविवर निवडायचे, हा कथानकाचाच प्रश्न आहे. बहुतेक लेखक तो प्रश्न स्वतःला विचारत नाहीत.

कृमिविवरांच्या बाबतीत कथेने विज्ञानालाच कामाला लावले आहे. आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी १९३५ मध्ये अवकाशाचे दोन भाग जोडणारा पूल, म्हणजेच कृमिविवर, समीकरणांतून दाखवला. पण १९६२ मध्ये फुलर आणि व्हीलर यांनी सिद्ध केले की प्रकाशकिरण पार होण्याआधीच हा पूल तुटतो. पुढे कार्ल सेगन ‘कॉन्टॅक्ट’ कादंबरी लिहीत होते. नायिकेला कृष्णविवरातून दूरच्या ताऱ्याकडे पाठवण्याचा त्यांचा बेत होता. ते जमणार नाही, असे सांगून थॉर्न यांनी कृमिविवर सुचवले आणि मग स्वतःच त्या विषयाच्या मागे लागले. १९८८ मध्ये मॉरिस आणि थॉर्न यांचा निबंध आला. त्याचा निष्कर्ष असा की कृमिविवर उघडे ठेवायला ऋण ऊर्जेचे द्रव्य लागते. प्रयोगशाळेत ऋण ऊर्जेचा अंश दिसतो तो अतिसूक्ष्म प्रमाणात. माणूस पार होईल एवढी ती कुठून आणणार, याचे उत्तर आजही कुणाकडे नाही. तेव्हा कृमिविवर वापरणाऱ्या लेखकाने त्याचे मोल कुणी आणि कसे चुकवले, एवढे तरी दाखवावे. फुकटचे कृमिविवर म्हणजे उडता गालिचा.

मराठीत अवकाशाच्या अशा भूमितीचा सर्वांत कल्पक उपयोग पुन्हा नारळीकरांनीच केला, ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत. मोबियस पट्टीवरून एक फेरी मारून आलेली आकृती आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी होते. अवकाशालाच असा पीळ असेल तर त्यातून गेलेल्या वस्तूचे डावे-उजवे बदलेल. ही कल्पना तशी जुनी, एच. जी. वेल्स यांनी १८९६ मध्येच एका माणसाला चौथ्या मितीतून उलटा करून आणला होता. नारळीकरांचे वेगळेपण असे की त्यांनी ती क्रिकेटच्या मैदानावर आणि देवघरात आणली. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचे सोवळे-ओवळे निराळे, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. म्हणून भूमितीतला एक पीळ इथे थेट श्रद्धेला जाऊन भिडतो. पडक्या वाड्याने हे काम होणार नाही. ही वाट अजून पुढे नेता येईल. असा उलटा झालेला माणूस पुरणपोळी खाईल, पण तिच्यातली साखर त्याची उलटी विकरे पचवू शकणार नाहीत. भरल्या ताटावर तो उपाशी राहील.

नारळीकरांच्या पिढीत आणि नंतर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी मराठी विज्ञानकथा ऐसपैस केली. पण तिचा ओढा जीवशास्त्र, संगणक आणि मेंदूकडे राहिला, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. रोगाला, यंत्राला मराठी घरात सहज जागा मिळते. अवकाशकालाला ती करून द्यावी लागते. विज्ञानकथेचा भूगोलही बराचसा मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळा आणि दिवाणखान्यांत अडकला. खरे तर दोन काळांची कथा जव्हार-मोखाड्यात परकी वाटणार नाही. दिवाळीनंतर तिथली कितीतरी वारली, कोकणा, कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर भिवंडी-वसईकडे जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचे सहा महिने आणि भट्टीवरच्या पोरांचे सहा महिने एकसारखे नसतात. शाळेच्या पटावर तर तो फरक आयुष्यभराचा ठरू शकतो. दुरावा आणि निसटलेली वर्षे हाच कृष्णविवराच्या कथेचा गाभा असेल, तर तो जगणारी माणसे मुंबईपासून काही तासांवर आहेत. त्यांना प्रतीक म्हणून वापरू नये. त्यांच्यातलाच कुणी अंतराळात जाऊ द्यावा.

विज्ञान तर दाराशी आले आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने दोन कृष्णविवरांच्या मीलनातून उठलेली गुरुत्वलहर टिपली. गोंगाटातून अशी खूण शोधण्याच्या पद्धतीला पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतल्या संजीव धुरंधरांचा मोठा हातभार आहे. तशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी २६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहून कमी फरक पडला, तरी तो तिथे मोजायचा आहे. ट्रॅक्टर, रेल्वे, समुद्राच्या लाटा, सगळ्यांची थरथर त्यात मिसळते आणि ती वेगळी काढावी लागते. त्या शेजारचा शेतकरी, तिथल्या पाळीवरची तंत्रज्ञ मुलगी, अब्जावधी वर्षांपूर्वीच्या घटनेची वाट पाहणारे गाव, एवढा ऐवज समोर असताना मराठी लेखकाला उसन्या यानात बसायची गरज नाही. थोडे गणित शिकावे, बरेच आसपास पाहावे. हिशेबात उणे-अधिक झाले तर वाचक सांभाळून घेईल. कृष्णविवर नुसतेच बसवून ठेवलेले दिसले, तर पान उलटेल.