जलपाशाची भिंत आणि पाठ्यपुस्तकातला त्रिकोण

जहाज पायऱ्या कसे चढते हे दाखवणारी आकृती आता विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. दोन दरवाजांमध्ये काँक्रीटचे एक लांबट टाके. त्यात पाणी सोडले की जहाज वर येते, पाणी काढले की खाली जाते. या टाक्याला जलपाश म्हणतात. 'लॉक' हे नावही रूढ आहे. पनामा कालव्यावरचा लेख या आकृतीवाचून सहसा पुरा होत नाही. आकृतीत पाणी निळे असते, दरवाजे ठळक असतात, जहाजावर झेंडाही असतो. भिंतीच्या मागे मात्र कोरा कागद असतो. प्रत्यक्षात त्या जागी माती असते, आणि भिंतीचे भवितव्य बरेचसे तीच ठरवते. या कोऱ्या जागेबद्दल, आणि ती भरताना आपली पुस्तके जी घाई करतात तिच्याबद्दल, आम्हांला येथे थोडे परखड लिहायचे आहे.

प्रथम भिंतीची अडचण पाहू. जलपाश भरलेला असतो तेव्हा आतले पाणी भिंतीला बाहेर ढकलते आणि मागची माती आत ढकलते. दोन्ही जोर एकमेकांना बरेचसे तोलतात. जलपाश रिकामा झाला की आतला आधार जातो, पण माती व तिच्यातले पाणी तेथेच राहते. दुरुस्तीसाठी सगळे पाणी उपसले जाते तो प्रसंग सर्वांत कठीण. १९१४ साली खुल्या झालेल्या पनामा कालव्याच्या मूळ जलपाशांत बाजूच्या भिंती तळाशी सुमारे १५ मीटर जाड आहेत आणि माथ्याशी जेमतेम अडीच मीटर. त्यांची मातीकडची बाजू पायऱ्यापायऱ्यांची आहे. त्या पायऱ्यांवर बसलेली माती भिंतीला आडवी ढकलते खरी, पण आपल्या वजनाने तिला खाली दाबूनही धरते. म्हणजे माती केवळ शत्रू नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता पुस्तकांकडे वळू. शाळेत आपण द्रवाचा दाब शिकवतो. तो खोलीच्या प्रमाणात वाढतो, म्हणून भिंतीवरील दाबाचा आलेख त्रिकोणी येतो. अभियांत्रिकीच्या प्राथमिक पुस्तकांत हाच त्रिकोण मातीसाठी वापरतात. फक्त एका गुणांकाने त्याला बारीक करतात. कोरड्या, सुट्या वाळूसाठी हा गुणांक साधारण एक तृतीयांश धरतात. दहा मीटर उंचीची भिंत आणि घनमीटरला १८ किलोन्यूटन वजनाची माती घेतली, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर ३०० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३० टन वजनाइतका आडवा जोर येतो. गणित सुटते, उत्तर मागच्या पानावरच्या उत्तराशी जुळते आणि विद्यार्थी पुढच्या उदाहरणाकडे जातो.

आमचा आक्षेप या गणितावर नाही. एक तृतीयांश हा आकडा कोणत्या अटीवर खरा आहे, हे सांगण्याचे राहून जाते, यावर आहे. माती म्हणजे दाट द्रव, अशी समजूत त्यामुळे नकळत रुजते. द्रवाचा दाब भिंत हलली काय आणि न हलली काय, त्याच खोलीला तोच असतो. मातीचे तसे नाही. भिंत किंचित पुढे सरकली तर मातीचे कण एकमेकांवर घासून स्वतःचा थोडा भार स्वतः पेलतात आणि दाब उतरतो. भिंत मुळीच हलली नाही तर माती ही मदत करीत नाही. गुणांक एक तृतीयांशाऐवजी निम्म्याच्या आसपास राहतो. भिंतच मातीत ढकलली गेली तर तो तिपटीपर्यंत चढू शकतो. माती तीच, खोली तीच, आणि दाबात कमाल-किमान नऊपट फरक. मातीचा दाब हा एकट्या मातीचा गुणधर्म नसून माती आणि भिंत यांच्यात झालेली तडजोड आहे, असे म्हटले तर ते सत्याच्या जवळ जाईल.

ज्यांच्या नावाने हा त्रिकोण चालतो त्यांच्यावर यात थोडा अन्यायही झाला आहे. विद्युतभारांच्या नियमामुळे ज्याला आपण ओळखतो तो कुलोम हा लष्करी अभियंता होता. मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यात त्याची वर्षे गेली होती. १७७३ साली फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडलेल्या निबंधात त्याने भिंतीमागे घसरू पाहणाऱ्या मातीच्या पाचरीचा विचार केला, आणि भिंतीच्या पाठीवरचे घर्षणही हिशेबात घेतले. १८५७ साली ग्लासगोच्या रँकिनने अधिक सुटसुटीत सिद्धान्त दिला. सपाट जमिनीसाठी त्यात दाब निव्वळ आडवा येतो. भिंतीवरचे घर्षण उरत नाही. सुटसुटीतपणाचा मोह मोठा असतो. प्राथमिक पुस्तकांत रँकिन टिकला आणि कुलोमचे घर्षण बऱ्याचदा तळटीपेत गेले.

या सवयीवर पहिला जोरदार प्रहार कार्ल टेरझागी याने केला. बॉस्टनजवळच्या एमआयटी संस्थेत त्याने मोठ्या भिंतीवर वाळूचा दाब मोजला आणि त्याचे निष्कर्ष १९३४ साली प्रसिद्ध केले. १९३६ साली त्याने लिहिलेल्या लेखाचे शीर्षकच मातीच्या दाबाच्या गणितांतील 'मूलभूत भ्रम' दाखवणारे होते. रँकिनचे उत्तर मिळण्यासाठी भिंत पुरेशी सरकली पाहिजे, ही अट लोक विसरले आहेत, असा त्याचा मुद्दा होता. घट्ट वाळूत हे सरकणे भिंतीच्या उंचीच्या हजाराव्या हिश्श्याइतके असले तरी भागते. दहा मीटर उंच भिंतीसाठी हे फक्त एक सेंटिमीटर झाले. रस्त्याकडेची साधी भिंत एवढे झुकतेच, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून तेथे जुने सूत्र चालून जाते.

जलपाशाची गोष्ट वेगळी आहे. खडकावर उभी, बारा-पंधरा मीटर जाड पायाची काँक्रीटची भिंत सहजासहजी सेंटिमीटरभरही सरकत नाही. मग आपल्या उदाहरणातला जोर ३०० वरून ४५० किलोन्यूटनांवर जातो. भरावात माथ्यापर्यंत पाणी भरले तर मातीचे परिणामी वजन घटते हे खरे, पण पाण्याचा स्वतःचा ४९० किलोन्यूटनांचा जोर वर चढतो; दोन्ही मिळून सुमारे ७४० होतात. पहिल्या उत्तराच्या जवळजवळ अडीचपट. काँक्रीट दाबाखाली मजबूत असले तरी ताणात अगदी दुबळे असते. आडवा जोर वाढला की पायाची मातीकडची कड उचलली जाऊ पाहते. तेथे फट पडली की पाणी शिरते आणि भिंतीला खालून वर ढकलते, त्यामुळे फट आणखी वाढते. शिवाय पाणी नेण्यासाठी भिंतीच्या पोटातच मोठे भुयार असते. त्याच्या भोवती काँक्रीट कमी आणि ताण जास्त. तडा जाण्यास ही जागा सोयीची.

हे सगळे कागदी नाही. अमेरिकेत सेंट लॉरेन्स नदीवरच्या जलमार्गातील आयझेनहॉवर व स्नेल हे जलपाश १९५८ साली सुरू झाले. प्रत्येक सुमारे २३३ मीटर लांब आणि २४ मीटर रुंद. जहाजांना ते १२ ते १४ मीटर उचलतात. कडक हिवाळ्यात वाहतूक बंद असते, तेव्हा पाणी उपसून दुरुस्ती करता येते. १९६० च्या दशकातच यांच्या भिंतींत तडे आढळले आणि मातीचा खरा दाब किती, हा प्रश्न पुस्तकातून उठून प्रत्यक्ष जागेवर आला.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग सरळ मोठा गुणांक घ्यावा. भिंत जाड होईल, पण सुरक्षित तरी राहील. गोष्ट इतकी सरळ नाही. अमेरिकेत कित्येक जुने जलपाश असे आहेत, की मोठा गुणांक घेऊन हिशेब केला तर त्यांच्या भिंती नियमांत बसत नाहीत. त्या मात्र दशकानुदशके बिनतक्रार उभ्या आहेत. क्लफ, डंकन, एबेलिंग आदी संशोधकांनी तेथील लष्कराच्या अभियंता दलासाठी याची कारणे शोधली. एक प्रमुख कारण कुलोमच्या त्या विसरलेल्या घर्षणात सापडले. मागचा भराव कालांतराने आपल्या वजनाने खचतो आणि खचताना भिंतीची पाठ खाली ओढतो. ही ओढ भिंतीला उलथू देत नाही. आपल्या उदाहरणात कोरड्या भरावाचा जोर ४५० घेतला, तर भिंत उलथवण्याचा त्याचा परिणाम तळापासून एक तृतीयांश उंचीवर मोजून १५०० किलोन्यूटन-मीटर येतो. खाली ओढणारा जोर समजा फक्त ९० किलोन्यूटन आहे आणि पाया ५ मीटर रुंद आहे. तरी तो ४५० किलोन्यूटन-मीटर इतका विरोध करतो. उलथवणाऱ्या परिणामाचा तीस टक्के भाग आपण शून्य धरून बसलो होतो!

यात पैशाचा प्रश्न आहे, तसा जिवाचाही. चुकीच्या त्रिकोणामुळे चांगली भिंत पाडण्याचा सल्ला दिला जाऊ शकतो, आणि त्याच त्रिकोणामुळे धोक्यातल्या भिंतीला निर्धास्तपणे प्रमाणपत्र मिळू शकते. एकच सूत्र दोन्ही बाजूंनी चुकते, याचा अर्थ त्यात थोडी दुरुस्ती करून भागणार नाही. विचारण्याचा प्रश्नच बदलावा लागेल.

तो बदल १९६० च्या दशकाच्या अखेरीस झाला. लुइझियानातील पोर्ट ॲलन व ओल्ड रिव्हर या दोन जलपाशांत बांधतानाच मोजमापाची उपकरणे बसवली होती. हाती आलेल्या नोंदी रूढ हिशेबात बसेनात. क्लफ व डंकन यांनी १९६९ साली बर्कली येथे माती आणि काँक्रीट यांचे लहान लहान घटकांत विभाजन करून, भराव थराथराने कसा चढला तो क्रम धरून, संगणकावर हिशेब मांडला. मातीचा ताठरपणा ताणानुसार बदलतो आणि माती भिंतीवर घसरू शकते, हेही त्यांनी त्यात घेतले. मातीचा दाब आता आधी गृहीत धरण्याची बाब राहिली नाही, तर हिशेबातून बाहेर पडणारे उत्तर झाला. या कामाचे मोल आम्ही फार मोठे मानतो. तरीही एक इशारा द्यावासा वाटतो. संगणकाने काढलेली रंगीत चित्रे पाहून आजचा विद्यार्थी तितकाच निर्धास्त होतो, जितका कालचा त्रिकोण पाहून होत असे. क्लफ-डंकन यांच्या हिशेबाला वजन आले, कारण तो पडताळण्यासाठी भिंतीत उपकरणे होती. मोजमापाविना तो हिशेबही नवा त्रिकोणच ठरला असता.

प्रत्येक तड्याचा दोष मातीवर टाकण्याचीही घाई नको. टेनेसी नदीवरच्या १९४० सालच्या चिकामॉगा जलपाशातील तड्यांचे मूळ काँक्रीटमध्येच आहे: सिमेंटमधील अल्कली आणि खडीतील खनिजे यांच्या अभिक्रियेमुळे काँक्रीट फुगत गेले. तडा हे लक्षण आहे. निदान त्यावरून करायचे असते, आणि वैद्याप्रमाणे अभियंत्यालाही आधी तपासणी करावी लागते.

शिक्षकांना आमची विनंती छोटी आहे. एका लाकडी खोक्याची एक बाजू सुटी फळी करून ती स्प्रिंगकाट्याने धरावी आणि आत कोरडी वाळू भरावी. काट्यावरचा आकडा टिपावा. मग फळी केसभर बाहेर सोडावी, आकडा उतरतो. आत रेटावी, आकडा कितीतरी चढतो. गळणार नाही अशा खोक्यात हाच प्रयोग पाण्याने केला, तर पातळी तीच राखल्यास आकडा जवळजवळ हलत नाही. वाळू आणि पाणी यांतला भेद मुलांना दहा मिनिटांत कळेल. पुढे सहलीला घाटातून जाताना रस्त्याकडेच्या भिंतीत पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके त्यांना दाखवावीत आणि ती बुजली तर त्रिकोणाचे काय होईल, ते विचारावे.

सूत्र पाठ करून घ्यायला आमचा विरोध नाही. पण सूत्राशेजारी एक प्रश्न फळ्यावर कायम असू द्यावा: ही भिंत किती हलते, आणि तिच्या मागे पाणी किती आहे? ज्या विद्यार्थ्याने आकडे घालण्याआधी हा प्रश्न विचारला, त्याला उत्तर चुकले तरी गुण द्यावेत.