‘मायलोनाइट’ : संज्ञा, व्याख्या आणि निरीक्षण

स्कॉटलंडच्या वायव्य भागातील एरिबोल परिसरात मॉइन थ्रस्टलगत आढळणाऱ्या सूक्ष्मकणी, पत्रित खडकांना चार्ल्स लॅपवर्थ यांनी १८८५ मध्ये ‘मायलोनाइट’ हे नाव दिले. जाते किंवा गिरणी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घडविले आहे. खडकांचे प्रचंड थर एकमेकांवरून सरकताना मधला खडक भरडला, दळला गेला, अशी त्यांची धारणा होती. हे निरीक्षण मोलाचे होते. त्यातून काढलेला प्रक्रियेचा अर्थ मात्र पुढे टिकला नाही.

बेल व एथरिज यांनी १९७३ मध्ये मायलोनाइटच्या सूक्ष्मरचनेची फेरतपासणी केली. कण बारीक होण्याचे मुख्य कारण दळण नसून स्फटिकांचे आकार्य विरूपण व पुनःस्फटिकीभवन आहे, असे त्यांनी दाखविले. साधारणतः ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे क्वॉर्ट्झ न तुटता ‘वाहू’ लागते. त्याच खडकातील फेल्स्पार मात्र तडकलेले दिसू शकते. म्हणजे ज्या खडकाला आपण ‘दळलेला’ म्हणतो, तो बहुतांशी घन अवस्थेतच वाहिलेला असतो.

सिब्सन यांच्या १९७७ च्या वर्गीकरणाने पत्रित ते मायलोनाइट व अपत्रित ते कॅटाक्लेसाइट अशी सोयीची विभागणी केली. परंतु भंजनातून बनलेले कॅटाक्लेसाइटही पत्रित असू शकतात, हे १९८५ मध्ये चेस्टर, फ्रीडमन व लोगन यांनी दाखवून दिले. तेव्हा केवळ पत्रित रचना हा निर्णायक निकष ठरत नाही.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. मायलोनाइट म्हणजे पिष्ट खडक, असे समजणारा विद्यार्थी भूकवचात दहा-पंधरा किलोमीटर खोलीवर घडलेल्या प्रवाहाला उथळ, ठिसूळ विभंगाची खूण मानेल. विभंगाची खोली, तापमान आणि इतिहास या तिन्हींविषयीचे त्याचे अनुमान मग चुकेल. मराठीतून अध्यापन करताना ‘जाते’ ही व्युत्पत्ती रंजक म्हणून सांगितली जाते. तिलाच व्याख्येचे स्थान मिळाले, तर लॅपवर्थ यांचा गैरसमज आपण नव्या भाषेत पुन्हा रुजवू.

संज्ञा बदलण्याचे कारण नाही, कारण ती जगभर रूढ आहे. व्याख्येने मात्र नावाची साथ सोडून सूक्ष्मदर्शकाखालील पातळ छेदाची साक्ष मानावी. नाव इतिहास सांगते. खडक कसा घडला, हे त्याचे कणच सांगतात.