डिकन्सच्या दारांतील पन्नास माणसें

चार्लस् डिकन्सचें जें चरित्र त्याचा जिवलग मित्र जॉन फॉर्स्टर यानें १८७२ ते १८७४ या वर्षांत तीन भागांनीं प्रसिद्ध केलें, तें आज अभ्यासकांखेरीज फारसें कोणी उघडीत नाहीं. हें चरित्र निर्दोष आहे असें आमचें म्हणणें नाहीं. फॉर्स्टर मित्राचे दोष झांकतो आणि स्वतःला मात्र पानोपानीं पुढें आणतो. परंतु त्यांत उतरून घेतलेलीं डिकन्सचीं पत्रें इतकीं जिवंत आहेत कीं, त्यांच्यासाठीं चरित्रकाराचे सारे अपराध पोटांत घालावे. १८६७-६८ च्या हिंवाळ्यांत अमेरिकेहून लिहिलेल्या पत्रांकडे आम्ही पुन्हां वळलों, त्यास एक घरगुती निमित्त झालें. तें पुढें येईलच.

डिकन्स अमेरिकेंत गेला तो आपल्या कथा लोकांना वाचून दाखविण्यासाठीं. वाचन हा शब्द येथें अपुरा आहे. समोर एक मेज, हातांत नांवापुरतें पुस्तक, आणि तेवढ्या सामग्रीवर हा एकटा मनुष्य 'ख्रिसमस कॅरोल'मधील कृपण स्क्रूजपासून 'पिक्विक'मधील न्यायाधीशापर्यंत सारीं पात्रें श्रोत्यांपुढें उभीं करी. पहिलें वाचन २ डिसेंबर १८६७ रोजीं बोस्टनला झालें, आणि आठवड्यानें न्यूयॉर्कला. तिकिटाचा दर दोन डॉलर होता. न्यूयॉर्कला विक्रीच्या दिवशीं हजारों माणसांची रांग लागली. आसपासच्या खानावळींतले वाढपी कडाक्याच्या थंडींत रांगेंतच न्याहारी पोंचवीत होते, आणि केवळ जागेची अदलाबदल करण्यासाठीं मागचा मनुष्य पुढच्यास पांच-दहा डॉलर देऊं करीत होता. ब्रुकलिनला तर याहून मौज झाली. तेथील वाचनें एका चर्चमध्यें व्हावयाचीं होतीं. तिकिटांचे सट्टेवाले गवताची गादी, दोन कांबळीं, पाव-मांसाची पिशवी आणि व्हिस्कीची बाटली एवढा संसार घेऊन रात्रीं रस्त्यावर मुक्कामास आले. लांकडी घरांच्या अरुंद गल्लींत त्यांनीं मोठी शेकोटी पेटविली, ती विझवावयास पोलीस आले, मारामारी जुंपली, आणि त्या गोंधळाचा फायदा घेऊन रांगेच्या शेवटचे लोक रक्तबंबाळ होऊन, पण गाद्या न सोडतां, पुढें घुसले. हें सारें डिकन्स अशा खुषींत लिहितो कीं, जणुं हा त्याच्या कादंबरींतलाच एक प्रसंग आहे.

एका पत्रांत मात्र त्याचा सूर बदलतो. चार वाचनांच्या एका मालिकेसाठीं कोणाहि एका इसमास सहांहून अधिक तिकिटें द्यावयाचीं नाहींत, असा नियम होता. डिकन्सचा व्यवस्थापक जॉर्ज डॉल्बी तो कसोशीनें पाळी. परंतु सट्टेवाल्यांनीं भाड्याचीं माणसें रांगेंत उभीं केलीं. त्यांचा एक म्होरक्या तर डिकन्सच्याच हॉटेलांत बिऱ्हाड करून राहिला होता. हेतु हा कीं, हे मुक्काम हलवितील तसा आपणहि हलवावा. हा गृहस्थ कोणत्याहि गांवीं पन्नास माणसें उभीं करूं शके. पन्नास सक तीनशें, म्हणजे तीनशें तिकिटें एकाच्या मुठींत. बाहेर त्यांचा भाव दहापटीहूनहि वर चढे. आणि वर्तमानपत्रांनीं दोष दिला तो बिचाऱ्या डॉल्बीला!

'लिट्ल डॉरिट'मध्यें मर्डल नांवाच्या सट्टेबाजाचें चित्र ज्यानें काढलें, तोच लेखक स्वतःच्या दारांतील सट्टेवाल्यांपुढें असा हतबल व्हावा, यांत दैवाचा विनोद आहे. परंतु डिकन्सचा कैवार घेतांना हेंहि विसरतां येत नाहीं कीं, तो अमेरिकेस पैशासाठींच गेला होता आणि ७६ वाचनांतून सुमारें १९,००० पौंड घेऊन परतला. दोन डॉलर हा दरहि कांहीं गरिबाच्या खिशाचा नव्हता. असें असतां, लोक वीस डॉलर देतात हें डोळ्यांनीं दिसत असूनहि, तो दर दोनवरच राहिला. असें कां व्हावें?

आमच्या मतें याचें उत्तर चौदा वर्षें मागें, बर्मिंगहॅम येथें सांपडतें. १८५३ च्या डिसेंबरांत तेथील नगरगृहांत डिकन्सनें 'कॅरोल'चें एक वाचन खास कामकरी लोकांसाठीं केलें, आणि त्यासाठीं सहा पेन्स हाच दर असावा असा आग्रह त्यानें स्वतः धरला. त्या श्रोत्यांवर तो इतका खूष झाला कीं, त्यांच्याकडून एकहि शब्द वायां गेला नाहीं असें तो लिहितो. पुढें पैशासाठीं वाचनें करूं लागल्यावरहि त्यानें शिलिंगाच्या जागा कायम ठेविल्या. तिकिटाचा दर ठरवितांना कलावंत आपला श्रोतृवर्ग ठरवीत असतो, हें या मनुष्यास पुरें कळलें होतें. स्क्रूजची कथा कोणापुढें वाचावयाची, हा त्याला कलेचाच एक प्रश्न वाटे. सट्टेवाला वरचे पैसे नेतो हें आहेच. पण समोर कोण बसावें हें ठरविण्याचा कलावंताचा अधिकारहि तो नेतो, आणि या दुसऱ्या चोरीची फिर्याद कोठेंच होत नाहीं.

आतां वर्तमानकाळाकडे. फेब्रुवारी २०२० मध्यें इंग्लंडांतील लीड्स येथें तिकिटांचा चढ्या भावानें व्यापार करणाऱ्या दोघांस न्यायालयानें कारावास दिला. एकास चार वर्षें, दुसऱ्यास अडीच. त्यांनीं काय केलें होतें? अनेक नांवें, अनेक पत्ते आणि अनेक बँक-कार्डें वापरून, 'बॉट' म्हणविणाऱ्या संगणकी करामतीच्या साहाय्यानें त्यांनीं तिकिटें घाऊक गोळा केलीं होतीं, आणि जीं अद्याप हातीं आलीं नव्हतीं तींहि विक्रीस मांडलीं होतीं. हीं तींच पन्नास माणसें. फरक एवढाच कीं, आतां त्यांना कांबळें लागत नाहीं. ब्रुकलिनच्या सट्टेवाल्यांनीं निदान रात्रभर थंडी सोसली. नव्या काळांत एका खोलींत बसून पांचशें माणसें रांगेंत उभीं करतां येतात, आणि त्यांतील एकालाहि शिंक येत नाहीं.

या व्यापाराचे समर्थकहि आहेत, आणि ते अडाणी नाहींत. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांचा एक वर्ग म्हणतो कीं, मूळ किंमत मुळांतच कमी ठेवलेली असते. दलाल तिला खऱ्या पातळीवर आणतो, आणि ज्याला तें तिकीट सर्वांहून अधिक हवें असतें त्याच्याच हातीं पोंचवितो. या युक्तिवादांत 'हवें असणें' या शब्दांची गल्लत आहे. किंमत इच्छा मोजते, पण ती इच्छेला खिशानें गुणून मोजते. बर्मिंगहॅमच्या कामकऱ्यास 'कॅरोल' कमी हवें होतें असें त्याच्या सहा पेन्सांवरून कोण म्हणेल? रांगेचें माप निर्दोष असतें असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. न्यूयॉर्कच्या रांगेंतल्या जागाहि विकत होत्याच. शिवाय ऐन वेळीं आजारी पडलेल्या मनुष्यास आपलें तिकीट परत देण्याची सोय हवी, हें समर्थकांचें म्हणणें अगदीं रास्त आहे. परंतु ती सोय मूळ किमतीस होऊं शकते. आयर्लंडनें २०२१ मध्यें कायदा करून मोठ्या कार्यक्रमांचीं तिकिटें मूळ किमतीहून अधिक दरानें पुन्हां विकण्यास बंदी केली; इंग्लंडच्या सरकारनेंहि नोव्हेंबर २०२५ मध्यें तसा मनोदय जाहीर केला.

दलालाचा खरा उपद्रव आम्हांस निराळ्याच ठिकाणीं दिसतो. त्यानें मालकाला धडा घालून दिला. २०१६ मध्यें न्यूयॉर्कला 'हॅमिल्टन' या संगीत नाटकाच्या निर्मात्यांनीं उत्तम आसनांचा दर ८४९ डॉलरपर्यंत नेला, तो दलालाकडे जाणारा पैसा नाटकाकडेच यावा म्हणून. त्यांनीं सोडतीनें कांहीं जागा दहा डॉलरांसहि ठेविल्या (दहाच्या नोटेवर हॅमिल्टनचेंच चित्र असतें), ही त्यांची रसिकता. पण सर्व मालक इतके रसिक नसतात. चढा दर हा स्वतः पाप नव्हे. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईंत बालगंधर्व आणि केशवराव भोंसले यांनीं एकत्र येऊन 'संयुक्त मानापमान' केलें, तेव्हांहि तिकिटें महागच होतीं. परंतु तो पैसा टिळक स्वराज्य फंडास जावयाचा आहे हें देणाऱ्यास ठाऊक होतें. ज्या पैशाचा धनी अंधारांत राहतो, त्याच्याविषयींच आमची तक्रार आहे.

आतां तें घरगुती निमित्त. 'कोल्डप्ले' या ब्रिटिश गायक-वादक मंडळाचे कार्यक्रम जानेवारी २०२५ मध्यें नवी मुंबईस, नेरूळच्या क्रीडांगणावर व्हावयाचे होते. २२ सप्टेंबर २०२४ च्या रविवारीं दुपारीं तिकिटांची विक्री सुरू झाली. दर २,५०० रुपयांपासून ३५,००० पर्यंत. आमची पुतणी जेवण टाकून पडद्यापुढें बसली. रांगेंत तिचा क्रमांक लाखांच्या पलीकडे होता. संध्याकाळीं तीच तिकिटें परदेशी पेढ्यांच्या पानांवर पांचपट, दहापट दरानें दिसूं लागलीं; कांहींची मागणी लाखांच्या घरांत गेली. पोरीचें तोंड पाहून आम्हीं, म्हणजे प्रस्तुत लेखकानें, अशाच एका पानावर जाऊन सर्व माहिती भरली, कार्डाचा क्रमांकहि लिहिला. मग लक्षांत आलें कीं, आसनाचा क्रमांक कोठेंच दिलेला नाहीं. तो मागाहून कळेल म्हणे. विकणाऱ्याजवळ तिकीट असेलच याची खात्री काय? आम्हीं पान मिटलें. यांत नीतीचा भाग थोडा होता, भीतीचा अधिक. आसनाचा क्रमांक तेथें असता, तर हा लेख लिहिण्याचें तोंड आम्हांस उरलें नसतें.

या प्रकाराविरुद्ध एक लोकहिताचा अर्ज मुंबईच्या उच्च न्यायालयापुढें गेला होता. जानेवारी २०२५ मध्यें न्यायालयानें तो फेटाळला. नियम करावयाचे तर तें काम विधिमंडळाचें व शासनाचें, असें न्यायालयाचें म्हणणें पडलें. त्याच महिन्याच्या २६ तारखेस त्या मंडळाचा अहमदाबादचा कार्यक्रम घरोघरच्या पडद्यांवर थेट दाखविण्यांत आला. पुतणीनें तो दिवाणखान्यांत बसून पाहिला. क्रीडांगणांत सारे उभे राहून गात होते. हीहि उभी राहिली, आणि आम्ही चष्मा पुसण्याच्या निमित्तानें तेथून उठलों.