कुपीवरचे खवले

नरकचतुर्दशीच्या पहाटे सुगंधी तेलाचे कौतुक घरोघर होते. ते ज्या कुपीतून येते तिच्याकडे मात्र कोणी फारसे पाहात नाही. वाचकहो, यंदा जरा कुपीकडेच पाहू या. आणि तीही सुमारे ३३०० वर्षांपूर्वीची.

ईजिप्तमधील अमार्ना येथे १९२१ साली एका घराच्या जमिनीखाली काचेचा एक मासा सापडला. आज तो लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. लांबी सुमारे साडेचौदा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. माशाचे तोंड हेच कुपीचे तोंड. तीत सुगंधी तेल ठेवीत असावेत, असे जाणकार मानतात. इंझोरीसारख्या गावी राहून मला तो छायाचित्रातच भेटला. ते चित्र वर्गात दाखविले तेव्हा एका मुलाने विचारले, "गुरुजी, खवले वरून रंगवले का हो?"

टीकाकाराने विचारावा असाच हा प्रश्न. खवले रंगविलेले नाहीत. काच फुंकण्याची कला तेव्हा जन्मली नव्हती. ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सीरिया-पॅलेस्टाइनकडे निघाली. अमार्नाच्या काळचा कारागीर सळईच्या टोकाला मातीचा गाभा थापी, त्यावर वितळलेली काच चढवी आणि भोवऱ्याला जाळी गुंडाळावी तसे पांढऱ्या-पिवळ्या काचेचे धागे तिच्याभोवती गुंडाळी. ते मऊ असतानाच टोकदार हत्याराने ओढले की सरळ रेघेची लाट होई. कुपी निवली म्हणजे आतला गाभा खरवडून काढायचा.

आता गुणदोष पाहू. ही काच पारदर्शक नाही. आतले तेल दिसत नाही. त्या काळच्या अशा कुप्यांचा निळा रंग लाजवर्दी खड्याची नक्कल करतो, आणि पुष्कळांचे घाटही दगडी किंवा मातीच्या भांड्यांवरून उचललेले. रंग उसना, घाट उसना. मग काचेचे स्वतःचे काय? ती लाट! दगडावर ती कोरावी लागेल, मडक्यावर रंगवावी लागेल. वितळलेली काच ओढताच वळते. या माशाच्या अंगावर तर तीच लाट खवले होऊन बसली आहे. नक्षी काढून घेतली तर मासाही गेला.

मराठी कादंबरीचा साचा विलायती, हा आरोप मी पुष्कळदा ऐकला आहे. १८५७ च्या 'यमुनापर्यटना'पासून साचा उसना आहे, हे मला मान्य आहे. पण हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीत यमू आपली कहाणी घरातल्या बोलीत सांगते. ती बोली कोणाकडून उसनी आणली? तिच्या बोलण्यातूनच तिचे दुःख उभे राहते; बोली काढली तर यमू उरत नाही. उसन्या घाटावर आपली लाट उमटते ती अशी.

दोष आमचा कादंबरीकारांचा निराळाच आहे. वाक्य निवल्यावर आम्ही त्याला उपमांचा वर्ख चिकटवितो, आणि वाचकही त्या चकाकीवर भाळतो. यंदाच्या अंकातील गोष्टी वाचताना एखादे फार देखणे वाक्य भेटले, तर ते बोटाने झाकून पुढे वाचून पाहावे. गोष्ट अडली, तर ते वाक्य तिच्या अंगचे. न अडली, तर लेखकाला, मग तो मी का असेना, खुशाल तसे कळवावे.